एक मिनिट चाळीस सेकंद शांतता

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
२१ जानेवारी २००४

प्रिय गुरुनाथ,

श्रीरंगाचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, वहिनींची साखर आटोक्यात आहे का आणि नागपुरात थंडी किती उरली आहे, हे सविस्तर कळव. आम्ही उभयता लेकीकडे सुखरूप आहोत. सुवर्णा आणि जावई सिद्धेश सकाळी आठला कामावर जातात ते संध्याकाळी सातला उगवतात. मधल्या वेळात माझं बोलणं ऐकायला घरात मालिनी आणि फ्रीज एवढेच असतात, आणि त्यांपैकी फ्रीज निदान मधूनमधून हुंकार देतो.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. मे महिन्यातल्या आपल्या व्याख्यानमालेचं उद्घाटन मी 'मौन' या विषयावर बोलून करावं, असं तू लिहिलंस. दोन वर्षं मला वगळल्यावर तुझ्या समितीला सद्बुद्धी झाली, याचा आनंद आहे. त्याच दिवशी होकार कळवणार होतो. पण दरम्यान माझ्या व्याख्यानाच्या पहिल्याच वाक्याचा खून झाला, आणि तो माझ्या सख्ख्या पुतणीने केला.

ते वाक्य तुला पाठ आहे. "मित्रहो, या कोलाहलाने भरलेल्या पृथ्वीवर संपूर्ण मौन पाळणारी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे ध्रुवावरच्या बर्फाखालचा समुद्र!" एकतीस वर्षं या वाक्यावर मी दोन दोन तासांची इमारत उभी केली. चंद्रपुरात हे वाक्य ऐकून एक गृहस्थ ढसाढसा रडले होते. (त्यांना डोळ्यांचा विकार होता हे मागाहून कळलं, पण रडले होते.) तर नाताळच्या सुट्टीत माझ्या थोरल्या भावाची मुलगी अनिका इथे जेवायला आली. जन्म इथलाच, वय सत्तावीस, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. गेल्या वर्षी चार महिने ती अंटार्क्टिकावर होती. तिथे बर्फाला भोक पाडायचं, त्यातून पाण्यात माईक सोडायचा आणि कानाला हेडफोन लावून बसायचं, याला इकडे संशोधन म्हणतात. मी मोठ्या प्रेमाने तिला माझं वाक्य ऐकवलं. ती वरणभात कालवता कालवता म्हणाली, "काका, अ‍ॅक्च्युअली इट्स सुपर लाउड डाउन देअर."

गुरुनाथ, सत्याशी माझं वैर नाही. सत्यासाठी मी भर सभेत अध्यक्षांच्या हातून माईक ओढून घेतलेला माणूस आहे. पण मी विचारतो, सत्याने एकतीस वर्षं गप्प बसावं आणि मग वरणभाताच्या वेळी यावं, ही कुठली रीत? मी म्हणालो, पुरावा दाखव. दुसऱ्याच दिवशी तिने चाळीस सीडी आणून दिल्या.

माझा डाव सरळ होता. चाळीस सीड्यांत कुठेतरी एक मिनिटभर शांतता सापडली तरी माझं वाक्य वाचणार होतं. फ्रीजचा व्यत्यय नको म्हणून मी सुवर्णाच्या कपड्यांच्या कपाटात खुर्ची टाकली (इथली कपाटं आपल्या माजघराएवढी असतात) आणि सिद्धेशचा हेडफोन लावून अकरा दिवस ऐकत बसलो. काय सांगू! बर्फ कण्हतो, करकरतो, मध्येच तोफ डागल्यासारखा तडकतो. हिमनगात हजारो वर्षं कोंडलेली हवा सुटते तेव्हा कढईत मूठभर मोहरी टाकल्यासारखा तडतडाट होतो. आणि ते सील! दिवाळीतला बाण आकाशातून उलटा खाली यावा तशी शीळ घालतात, तीही मिनिटभर, एका दमात. अनिकाने सांगितलं की नर सील श्वास घेण्याच्या आपल्या भोकाखाली ठाण मांडतो आणि दुसऱ्या कुणी तिथे येऊ नये म्हणून ओरडत राहतो. मालिनी म्हणाली, "ओळखीचा वाटतोय." शिवाय ती असंही म्हणाली की, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुम्ही कुणाचं तरी ऐकून घेताय, आणि तेही सीलचं!" मी दुर्लक्ष केलं.

आणि तेविसाव्या सीडीत ती सापडली! एक मिनिट चाळीस सेकंद. ना कण्हणं, ना शीळ, ना तडतड. मी कपाटातून बाहेर पडताना सुवर्णाच्या तीन साड्या माझ्या खांद्यावर होत्या, असं म्हणतात.

योगायोगाने गेल्या रविवारी इथल्या मंडळाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ होता. शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जमली होती. चिटणीस सुलेखाबाईंनी बजावलं, "काका, प्लीज, तीस मिनिटं हं! मग जेवण, आणि चारला हॉल रिकामा करायचाय." (तीस मिनिटं! एवढ्यात मी घसा साफ करतो.) मी उभा राहिलो, वाक्य म्हटलं आणि गरजलो, "मित्रहो, आता आपण एक मिनिट चाळीस सेकंद शांतता पाळू या!" सिद्धेशने सीडी लावली. आणि सगळा हॉल उभा राहिला.

मला वाटलं, मौनाचा केवढा हा आदर! सगळ्यांच्या माना खाली. एकाने टोपी काढली. वेळ संपल्यावर मागून कुणीतरी "ओम शांती" म्हणालं आणि बायका सुवर्णाच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. पहिल्या रांगेतल्या एका वृद्धाने हळूच विचारलं, "वय काय होतं हो?" मी समुद्राच्या धुंदीत उत्तरलो, "कोट्यवधी वर्षं." सुलेखाबाईंनी माईक घेऊन मंडळ माझ्या दुःखात सहभागी असल्याचं जाहीर केलं. कुणीही गेलेलं नाही, हे पटवण्यात माझी चार मिनिटं खर्ची पडली. पटल्यावर लोक थोडे नाराजही झाले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अनिका म्हणाली, "काका, सीडी ट्वेंटी-थ्री? तेव्हा रेकॉर्डरची बॅटरी डेड झाली होती. सॉरी, आय फर्गॉट टु टेल यू."

म्हणजे एका अर्थी शोकसभा योग्यच होती.

पुढचं सांगवत नाही, तरी लिहितो. कुणीतरी खरा आवाज ऐकवा म्हणालं, आणि अनिकाने सील लावले. हॉलभर बोंबलत धावणारी पोरं जमिनीवर मांडी घालून बसली, रे! बाया तिळगुळाचे डबे मांडीवर घेऊन ऐकत होत्या. एक चिमुरडी ओरडली, "प्ले इट अगेन!" मला जन्मात कुणी पुन्हा म्हणा म्हटलेलं नाही. वीस मिनिटं सील बोलला आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही. उरलेल्या दोन मिनिटांत मी आभार मानले.

तेव्हा गुरुनाथ, माझं उत्तर नकार असं समज. ज्या वाक्यावर उभा होतो तेच खचलं. खोट्या पायावर पुन्हा उभं राहणं माझ्या तत्त्वात बसत नाही. व्यासपीठाला माझा अखेरचा रामराम. यापुढे मी ऐकणार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग

ता. क. उद्घाटनाची तारीख मात्र इतक्यात कुणाला देऊ नकोस. विशेषतः 'यशाची सात सूत्रे' सांगत फिरणाऱ्या त्या प्राध्यापकाला तर नकोच नको.

ता. क. दुसरा. पत्रिकेत असं छाप: 'उद्घाटक: अमेरिकेतील संशोधिका कुमारी अनिका. विषय: ध्रुवसमुद्राचे आवाज.' मुलगी इंग्रजीतून बोलेल, तेव्हा श्रोत्यांच्या सोयीसाठी कुणीतरी मराठी अनुवाद करावा लागेल. दुसरं कुणी मिळत नसेल तर ते कष्ट मी घेईन. ती साधारण सहा मिनिटं बोलेल. अनुवादाला दोन तास ठेव.

ता. क. तिसरा. अनिकाला अजून विचारलेलं नाही. ती आली नाही तरी अनुवाद होईल.