मामीला वाचता येईल असं अक्षर

शिरूर,
२ जुलै २००६

चि. विक्रम यास कोंडिबामामाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून हसू नको. अक्षर माझंच हाय. पेन बोटांत राहत न्हाई म्हणून मुठीत धरून लिहितोय. मागं तू फोन केलास तवा तो मीच उचलला होता. तू हॅलो हॅलो करत राहिलास आन् कुणी बोलत न्हाई म्हणून ठेवून दिलास. मी बोलत होतो. पण माझ्या घशातनं आता जे निघतं त्याला बोलणं म्हणायचं का, ते मलाच सांगता येत न्हाई. अख्खी नोकरी शिरूरच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात गेली. घोडनदीच्या पुलापर्यंत आवाज जायचा म्हणून लोक चेष्टा करायचे. असो. म्हणून हे पत्र.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव मोटर न्यूरॉन असं सांगितलंय. आधी जीभ गेली, आता हात चाललेत, मागनं पाय. डोकं मातर शेवटपर्यंत शाबूत राहणार म्हणाले. ही बातमी चांगली का वाईट, ते काय बोलले न्हाईत.

तू तुझ्या क्लासमधला जुना कंप्युटर आणून दिलास, त्यात ते लिनक्स घालून दिलंस, मराठी अक्षरं दाखवलीस, त्यात तुझी माया कळली. पण बाबा, ह्या गाडीचं इंजिन दमलंय. चालू करून तुझी मामी धुणं धुऊन येती तरी ते गोल गोल फिरतच असतंय. एक अक्षर दाबलं की ते उमटायच्या आत माझं बोट तिथंच पडून राहतं, उचलत न्हाई. मग एकदम ककककककक अशी रांग. 'पाणी' लिहायला गेलो तर पानभर प झाले. ते पुसता पुसता तहान गेली. तुझ्याकडं दुसरं काही हलकं असंल तर बघ. पेन आता फार दिवस धरवंल असं वाटत न्हाई.

मामी आशीर्वाद सांगती. पोरगी सुली शिक्रापूरला कंपनीत पहिल्या शिफ्टला जाती, घरी आम्ही दोघंच. येणं जमंल तवा ये. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
कोंडिबामामा

*

दौंड,
११ जुलै २००६

ती. मामांस, विक्रमचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर बघून हसलो नाही. त्या दिवशी फोन ठेवला, त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

चूक कंप्युटरची नाही मामा, माझी निवड चुकली. लिनक्स एकच नसतं, त्याचे पुष्कळ प्रकार असतात. मी घातलं ते नव्या मशीनसाठीचं होतं. आपल्या मशीनची मेमरी त्याला पुरत नाही, म्हणून ते धापा टाकतं. सोबत एक सीडी पाठवतोय. हे दुसरं लिनक्स खास जुन्या मशीनसाठी केलेलं आहे. नाव आहे पप्पी, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आपल्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, तेव्हा घरात पिल्लू आलं तर चालेल असं समजतो. ते सीडीवरूनच चालतं, आधीचं काही पुसावं लागत नाही. आवडलं नाही तर सीडी काढून घ्यायची.

सुलीसाठी वेगळ्या कागदावर सगळं ओळीनं लिहिलं आहे. त्यातली शेवटची ओळ तिनं नीट टाइप करावी. त्या ओळीमुळे बोट कितीही वेळ पडून राहिलं तरी अक्षर एकदाच उमटेल. अक्षरही मी पडद्यावर मोठं ठेवायला सांगितलंय.

एक उणं आहे. ह्यात मराठी नाही. मोबाइलच्या मेसेजसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागेल. आणि तुमच्याकडचं लोडशेडिंग बघता, लिहिलेलं अधूनमधून सेव्ह करत जा. नाहीतर लाइट गेली की सगळं जाईल.

मामीला नमस्कार. सुलीला म्हणावं, कागद हरवलास तर दौंडहून येऊन कान धरीन. आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहू द्या.

आपला,
विक्रम

*

शिरूर,
२० ऑगस्ट २००६

(विक्रमदादा, आप्पांनी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मी मराठीत उतरवून पाठवतेय. ह्यात एकही शब्द माझा नाही. — सुलक्षणा)

चि. विक्रम यास अ. उ. आ.

पिल्लू चांगलं हाय. चहा उकळायच्या आत उठून बसतं. एका बोटानं दाबतो, एकच अक्षर येतं. पहिलं काय लिहिलं असंल? चहात साखर जास्त हाय. पेन सुटल्यापासनं तुझी मामी गोड पाक पाजत होती आन् मला सांगता येत नव्हतं. सुलीनं वाचून दाखवलं तवा मामी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. लाइट गेली की मी परत मुका. पण लाइट येती.

आता दुसरं. मागच्या आठवड्यात पुण्याला नेलं होतं. श्वासाची तपासणी केली. छातीचे स्नायू पण चाललेत. डॉक्टर म्हणाले, एक वेळ अशी येईल की श्वास घेता येणार न्हाई. तवा घशाला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं, का न्हाई लावायचं, ते आधीच ठरवा. मशीन लागलं की ते निघत न्हाई. विचारलं मला, पण उत्तरं सगळ्यांनी दिली. पाटसहून म्हाळू आला होता. धाकटा भाऊ म्हणून त्याचा जीव तुटतो, ते मला कळतं. तो म्हणाला, लावायचं, वाटंल ते झालं तरी. मामी म्हणाली, लावायचं. मी मान हलवून न्हाई म्हणत होतो. त्यांना वाटलं, आजारानंच मान हलतीय.

घरी आल्यावर मी पडद्यावर स्वच्छ लिहिलं की मला ते मशीन नको. तुझी मामी शेजारी होती. सुलीनं वाचून दाखवलं, आप्पा म्हणतात वेळ आल्यावर बघू. मी तिथंच बसलेलो. ओरडलो. जो आवाज निघाला त्यानं मामीला वाटलं कफ दाटला. तिनं माझं तोंड पुसलं.

हे सुली आता स्वतःच्या हातानं उतरवतीय. रडतीय, पण उतरवतीय. तिच्यावर रागावू नको. बापाचं मरण आईला वाचून दाखवायचं काम कुठल्या पोरीला जमंल?

तुझी मामी चौथी शिकलीय. मराठी लावून लावून वाचती, इंग्रजी अक्षर एक येत न्हाई. मला तिच्याशी मधी कुणी न घालता बोलायचंय. आधीच्या लिनक्समधी मराठी होतं, पण ते मला झेपत न्हाई. ह्या पिल्लाला मराठी शिकवता येतंय का बघ. आन् लवकर बघ. डाव्या हाताचं एक बोट राहिलंय.

मामाची माया धरून अस.

कोंडिबामामा

*

दौंड,
२९ ऑगस्ट २००६

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र क्लासमध्येच वाचलं. समोर बॅच बसली होती. मुलांना आज घरी जा म्हणालो.

मराठी घालता येईल. मराठी फॉन्ट त्यात नेऊन ठेवावा लागेल आणि किबोर्डची मांडणी बदलावी लागेल. इथे आमच्या एका जुन्या मशीनवर करून पाहिलं. पहिल्या दिवशी सगळे चौकोनच दिसत होते. काल वेलांट्या-मात्रा जागेवर बसल्या. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो आणि बटणांवर मराठी अक्षरं चिकटवून देतो.

पण मामा, हे करताना माझा हात चालत नव्हता. तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत आहे, आणि मामी वाचताना मी ते बघू शकणार नाही. बाबा गेल्यावर आई मला घेऊन तुमच्या दारात आली. माझी सगळी शाळा तुमच्या घरातून झाली. माझं म्हणणं विचाराल तर मशीन लावा. पडून राहा, पण आमच्यात असा. मी दर आठवड्याला येऊन समोर बसेन, क्लासमधल्या मुलांच्या गमती सांगेन.

हे माझं म्हणणं झालं. तुमचं काय ते तुम्ही मामीला सांगा, त्याची सोय मी करतो. रागावू नका, आणि हात डोक्यावरून काढू नका.

आपला,
विक्रम

*

शिरूर,
१७ सप्टेंबर २००६

चि. विक्रमला साखरबाई मामीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घे. तू त्या रविवारी अक्षरं घालून निघालास, चहाला बी थांबला न्हाईस. तवाच मला वळखायला पायजे हुतं.

तू गेल्यावर त्यांनी डोळ्यानं खुणावून मला जवळ बसवलं आन् एक एक बटन दाबाय लागले. मी अक्षराला अक्षर लावत बसले. पहिलं माझं नाव आलं. लगीन झाल्यापासनं त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती, आगं म्हनायचे. मग आलं, 'मशीन नको. म्हाळूचं ऐकू नको. सुली खोटं वाचती.'

मी उठले आन् बटन बंद केलं. भिंतीतली पिन काढून ठिवली. सुली आल्यावर तिला म्हनलं, कंप्युटर बिघाडलाय. दोन दिवस लावलाच न्हाई. ते काळ्या पडद्याकडं बघत बसायचे, मी पेज भरवायची. तुझा बी लई राग आला हुता. म्हनलं, ह्या पोराला काय गरज हुती.

तिसऱ्या दिवशी ते घामानं भिजले आन् डोळ्यातनं नुसतं पानी. काय हुतंय ते कळंना. मग मीच पिन लावली. त्यांनी लिव्हलं, 'चादरीची घडी पाठीला टोचतीय. परवापासनं.' चादर वढली तर खाली पाठ सोलवटून लाल झालेली. विक्रम, मी हे केलं. माझ्या हातानं मी त्येंची वाचा दोन दिवस काढून घेतली हुती.

पाठीला खोबरेल लावलं आन् म्हनलं, आता सांगा का नको. दुपारभर लिहित हुते. दवाखान्यात नळ्या लावून पडायचं, सगळं ऐकाय येनार, सगळं कळनार. आज एक बोट हाय, उद्या ते बी जाईल. 'मग मला नको म्हनायचं असंल तर कशानं म्हनू? आज बोट हाय म्हनून आज सांगतो.' मी म्हनलं, तुमी गेल्यावर मी भांडू कुनाशी? लई वेळानं पडद्यावर आलं, 'म्हाळूशी.' मला तशात हसू आलं. ते बी हसले, आवाज न्हाई, नुसते खांदे हलले.

मी त्यांना हो म्हनलं. पटलं म्हनून न्हाई. त्यांनी सांगितलं ते मला आन् ऐकलं ते मी, म्हनून हो म्हनलं. सुलीला जवळ घेतलं, रागावले न्हाई. तू बी मनाला लावून घिऊ नगं.

येत जा. राग गेला, माया आपली हायेच.

साखरबाई

*

शिरूर,
२५ फेब्रुवारी २००७

चि. विक्रमला मामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्या सकाळी काय झालं ते तू इचारलंस. दहाव्याला माणसं हुती, तवा बोलता आलं न्हाई. आता सांगते.

संक्रांतीनंतर त्यांचं बोट गेलं. कंप्युटर लावून द्यायची मी, पन ते नुसते बघायचे. हो म्हनायचं असंल तर डोळे मिटायचे, येवढंच राहिलं. गेले त्या दिवशी उजाडतानाच श्वास लागला. छाती वर-खाली हुती, आत काय जात न्हाई. सुलीनं आपल्या डॉक्टरला आनलं. त्यांनी तरास कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आन् म्हनले, न्यायचं असंल तर आत्ताच न्या. तेवढ्यात म्हाळूभावजी जीप घिऊन आले. आदल्या दिवशी सुलीनं फोन केला हुता, तिला धीर निघाला न्हाई. मागं गादी टाकून आनली हुती.

मी दारात हुबी राहिले. म्हनलं, भावजी, न्यायचं न्हाई, त्यांनी नको सांगितलंय. ते म्हनले, कंप्युटरनं सांगितलंय का? मी म्हनलं, त्यांनीच सांगितलंय, मला. त्यांनी मला बाजूला ढकललं न्हाई, खोटं कशाला बोलू. पन आळीतली सगळी बाया-माणसं गोळा झालेली, त्यांच्या म्होरं म्हनले, वैनी, तुमी माझ्या भावाला मारताय. मग उंबऱ्यावर बसून ल्हान पोरावानी रडले. मी आत जाऊन ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. म्हनलं, अजून बी नको का? डोळे मिटले, उघडले. परत इचारलं. परत मिटले. तिसऱ्यांदा इचारायची हिंमत झाली न्हाई, कारन त्यांनी डोळे मिटले नसते तर मी काय केलं असतं, ते माझं मलाच ठावं न्हाई.

तू पोचलास तवा सगळं आटपलं हुतं.

भावजी बोलत न्हाईत. पाटसहून कुनी येत न्हाई. पान्यावर गेलं की बाया बोलायच्या थांबतात. सुली म्हनती, आई, आपन बरोबर केलं. ती ल्हान हाय, तिला तसं म्हनू दे. तू कंप्युटरचा म्हनून डॉक्टरांची पुस्तकं बी बघत असशील. ते मशीन लावलं असतं तर ते आज हितं असते का, आन् कसे असते, हे मला कुनी धड सांगत न्हाई. तुला कळलं तर ये आन् तोंडावर सांग. कळलं न्हाई तर बरं वाटावं म्हनून काय बी सांगू नगं. खोटं वाचून दाखवलेलं मला आता कळतं.

पोरा, खात-पीत जा. आमची माया हाय तशीच हाय.

साखरबाई