मुखत्यारपत्रातलं नाव

मस्कत, १२ मार्च १९९६

सौ. योगितास,

मी इथं बरा आहे, खाण्याची आबाळ नाही. आईच्या गुडघ्याची सूज उतरली का?

नवागामच्या खोलीचा दस्तऐवज माझ्या वतीनं तुला करता यावा म्हणून मुखत्यारपत्र लिहून नेलं. वकिलातीतल्या बाबूनं तू पाठवलेला शाळेचा दाखला पाहिला. त्यावर नाव भागीरथी. त्यानं कागद परत दिला.

योगिता हे नाव मी लग्नात तांदळात लिहिलं, तुला न विचारता. तुझी आई जुन्या नावानं हाक मारायची, तर मी तोंड फुगवायचो. माझ्यामुळेच तिनं ती हाक सोडली.

आता मुखत्यारपत्र भागीरथीच्या नावानं केलंय. सही तशीच कर.

यापुढे पाकिटावर कुठलं नाव लिहू, ते तूच कळव.

तुझा,
हेमराज