येप्पेच्या गाठीचा एक काप परत मिळणेबाबत

रीबे, १९ मार्च २०२४

प्रति,
मा. ऊतीसंग्रह अधिकारी,
प्रादेशिक रुग्णालय, युटलंड

विषय : भावाच्या गाठीचा नमुना संशोधनास देणे व त्यातील एक काप दफनासाठी परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले ३ मार्चचे पत्र.

महोदया,

१. माझा भाऊ येप्पे राउनकिल १९७५ साली, चौथ्या वर्षी, न्यूरोब्लास्टोमा या मज्जातंतूंच्या कर्करोगाने वारला. त्याच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा आपल्या तळघरात आहे. गरोदरपणी घेतलेले एक स्टेरॉइड संप्रेरक आणि हा आजार यांचा काही संबंध आहे का, हे तपासणाऱ्यांना तो हवा आहे. माझी आई एली हिने हयातभर नकार दिला. ती फेब्रुवारीत गेली. आता संमतीचा अधिकार माझा आहे, असे आपण कळवले. ती मी देत आहे.

२. आईच्या नकाराचे कारण नोंदवले जावे. दोन गर्भ गेल्यावर डॉक्टरांनी तिला त्या संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या आणि मी जन्मले. येप्पेच्या वेळी तिने त्या स्वतःहून मागितल्या. रेडिओवर या संशोधनाची बातमी लागली की ती भांडी विसळता विसळता विचारायची, "सापडले का गं मी त्यांना?" मी म्हणायचे, "आई, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही." त्यावर ती म्हणायची, "तू गप्प बस. तू त्याच गोळ्यांची आहेस." तिचा अस्थिकलश अजून जमिनीत गेलेला नाही आणि मी तिचा शब्द मोडते आहे, याची मला जाणीव आहे.

३. म्हणून एक काप परत मागते. तो १६ एप्रिलला तिच्या कलशाशेजारी ठेवायचा आहे. येप्पेच्या थडग्याच्या जागेची भाडेमुदत २००५ साली संपली, ती आईने वाढवली नाही. "माझा तिथे काय हक्क," एवढेच म्हणाली. दगड उचलला गेला. आता तिथे हिरवळ आहे. नमुना म्हणजे मृतदेहाचा भाग नव्हे, सबब दफनाचा दाखला देता येत नाही, असे आपण लिहिता. दफनभूमीचे श्री. थ्यूगेसेन म्हणतात, "डॉर्थे, तुझा भाऊ आमच्याकडे आधीच पुरलेला आहे. एक माणूस दोनदा कसा पुरू?" कुठे पुरलाय, असे मी विचारल्यावर त्यांनी गवताकडे बोट केले आणि टोपी काढली. नियमाने आपण दोघेही बरोबर आहात. तरी त्या कापावर 'आईची वस्तू' असे लिहून द्यावे. कलशाशेजारी मृताची एखादी वस्तू ठेवता येते, हे मी विचारून घेतले आहे.

४. संशोधनासाठी फक्त आजारी मुलांचे नमुने मागवल्याचे दिसते. मी पंचावन्न वर्षांची, निरोगी आहे. माझेही रक्त घ्यावे. येप्पेच्या तुकड्यातून जे निघेल ते आईच्या नावे लिहिले जाणार असेल, तर तिच्या नावे मलाही लिहिले जावे.

१६ एप्रिलपूर्वी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
डॉर्थे राउनकिल
(एली यांची मुलगी, येप्पेची बहीण)

सोबत : आईच्या मृत्यूचा दाखला; माझी सही केलेली संमती.