सुकेशनीची शेवंती

जयभीम बायजे,

वाडीच्या खोलीत आम्ही तिघं बरे आहोत. माहा पोरगा प्रीतम गोदामात जाते, उन्नती शाळेत. माह्या गुडघ्याचं इचारू नको. तुह्या दम्याचं कळव. फोन केला असता, पण नात बाजूलेच बसून राहते.

पारशिवनीहून तुह्या आंगणातल्या, सुनेनं लावलेल्या शेवंतीचे चार फुटवे आणले, ते तेलाच्या डब्यात लावले. तीन मीच मारले. मूळ धरलं का म्हणून रोज उपटून पाहत होती. सुकेशनी जिती होती तवाही हेच करत होती मी. ती ओरडायची, "आई, हात काढा! मूळ धरू द्या." मी म्हणायची, "मले शिकवतं का वं?"

आता चौथ्याजवळ हात नेला का मागून तोच आवाज येते. वळून पाहते तर भिंत. उन्नती इचारते, "आजी, आईचं फूल कधी येईन?"

आंगणात सिमेंट टाकू नको. त्यात काही उगवत नाही, तुह्या डोक्यावानी. मूळचं झाड असू दे.

चौथ्याले आठ दिवस हात लावला नाही. जितेपणी सुनेचं एक ऐकलं नाही, आता ऐकून राहिली.

तुही मोठी बहीण,
मैना