हिरवा ठिपका

रविवार, दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही सगळे इथे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहिलं होतं. ते खोडलं आहे. मला खाडाखोड चालत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी या वेळी समजून घे.

आईचा गुडघा थंडीत आखडला होता, आता ती काठीशिवाय नळापर्यंत जाते. मागच्या महिन्यातलं तुझं पार्सल मिळालं. आईला स्वेटर अगदी मापाचा बसला. भिंगरीचा फ्रॉक मात्र सैल झाला. पोर वाढली असेल असा अंदाज करून तू एक माप मोठं घेतलं असशील. तिला अजून मागच्या वर्षीचेच कपडे होतात.

हे पत्र शिवणवाल्या मावशींचा जावई उद्या तुझ्या हातात देईल. त्याचं तिथलं काम दुपारपर्यंत आटपेल आणि परतीच्या वेळी त्याच्या गाडीत जागा आहे. हे शेवटी लिहिणार होतो, पण तू शेवटपर्यंत वाचशील की नाही याची खात्री नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तू ये. भिंगरी आजारी आहे.

आज सकाळी फोनवर तू विचारलंस, लेक कुठे आहे, आणि मी म्हणालो, बाहेर खेळतेय. ती माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मामा, मी तर इथेच होते." तुझ्याकडचा फोन दिवाणखान्यात, समोर म्हातारे मालक-मालकीण बसलेले, तुला मोकळेपणी बोलता येत नाही, म्हणून सांगत नाही, असं कारण मी स्वतःला देत आलो. शिवाय मला वाटायचं, की तोंडानं मी एखादं खोटं बोलून जातो, पण कागदावर माझ्या हातून खोटं उतरत नाही. तेही खरं नाही. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे काही सुटणार नाही.

शेडमध्ये मी नक्की काय करतो ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या येतात. मी कुऱ्हाडीनं झाकण उडवतो, आतलं पाणी गटारात ओततो (ते पाणी म्हणजे तेजाब, पँटला भोकं पडतात), आणि शिशाचे पत्रे काढून भट्टीवाल्याकडे देतो. सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की पोटदुखी घेऊन येणारी, पांढरीफटक पडलेली मुलं बहुतेक आपल्याच तीन गल्ल्यांतली आहेत. त्या शिवणवाल्या मावशींना विचारायला गेल्या, कारण मावशींना प्रत्येक घर माहीत. मावशींनी मापांची वही काढली, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाल्या, "बाई, शेडच्या बाजूची पोरं दोन वर्षांत वाढलीच नाहीत. मला वाटत होतं माझी टेपच ताणली गेली."

तिथून सगळं सुरू झालं. बायकांनी गटाराकाठची माती बरण्यांत भरली, खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्यानं पुसून ती फडकी तपासायला धाडली. मग घरोघरी अर्ज भरून घ्यायचे ठरले. लिहायला माणूस हवा होता. मावशी म्हणाल्या, आपला मास्तर आहे की. आठवीतून शाळा सोडलेल्याला मास्तर म्हणायची हौस त्यांचीच, पण मला ते गोड वाटतं.

एकशे बारा घरं. पाळी सुटली की मी निघायचो. अर्जावर शाईचा डाग पडला तर अख्खा अर्ज पुन्हा लिहायचो. 'क्वचित' आणि 'अशक्तपणा' हे शब्द कुठेही चुकलेले सापडणार नाहीत. अकरा प्रश्न होते, त्यातले शेवटचे तीन महत्त्वाचे. घरातलं कोणी शेडमध्ये काम करतं का? कामाचे कपडे घरात आणता का? शेडमधली एखादी वस्तू घरात वापरता का? तिन्हींपैकी दोन प्रश्नांना 'हो' असलं, की मावशींच्या दुकानातल्या नकाशावर त्या घरावर लाल ठिपका. नाहीतर हिरवा. मोठ्या इस्पितळानं रक्ताच्या चाळीसच तपासण्या दिल्या होत्या, म्हणून आधी लाल घरांतली मुलं आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या घरांतली.

चाळीसपैकी सदतीस मुलांच्या रक्तात शिसं निघालं. आता येत्या वीस तारखेला सुनावणी आहे. भट्टी वस्तीतून हलवावी, शाळेमागची माती खरवडून न्यावी आणि राहिलेल्या सगळ्या मुलांची तपासणी व्हावी, एवढंच मागणं आहे.

नकाशावर आपलं घर हिरवं आहे.

हे शेडच्या मुकादमालाही माहीत आहे, नकाशा दुकानाच्या काचेलाच चिकटवलेला आहे. मागच्या महिन्यात त्यानं मला आत बोलावून चहा पाजला, सहा वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाला, "मास्तर, तू रोज बॅटऱ्या फोडतोस. घरात लहान पोर आहे. तरी तुझं घर हिरवं. सुनावणीत तेवढंच सांगायचं. खोटं बोल असं मी म्हणतच नाही, तुझ्याच अक्षरातलं वाचून दाखव." शेडच्या मालकाच्या वकिलानं माझा अर्ज बाजूला काढून ठेवला आहे. शिसं जर शेडमधून घराघरात जात असेल, तर ते सगळ्यांत आधी याच्या घरात जायला हवं होतं, असं तो म्हणणार आहे.

ताई, त्याचं बरोबर आहे. ते सगळ्यांत आधी आपल्याच घरात आलं.

भिंगरी हे नाव का पडलं ते पूर्वी कुणाला सांगावं लागायचं नाही. आता नवीन माणसाला ते चेष्टेनं ठेवलेलं वाटेल. नोव्हेंबरपासून ती जिथे बसवावी तिथे बसून असते. पोट दुखतं म्हणते, ताट तसंच सरकवते. वीसपर्यंत आकडे म्हणायची, आता सातला थांबते आणि माझ्याकडे बघते, जणू पुढचे मीच कुठे लपवून ठेवलेत. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, ती मी आईला वाचून दाखवली नाही. तुला फोनवर म्हणालो, आळशी झालीय. तू हसलीस आणि म्हणालीस, मामावर गेली.

तू पाठवलेला फ्रॉक आत घ्यायला आई तिला मावशींकडे घेऊन गेली होती. मावशींनी माप घेतलं, वही उघडून मागचं माप पाहिलं, फ्रॉक तसाच ठेवला आणि तिला उचलून थेट दवाखान्यात नेलं. रक्त घेतलं. आकडा पाचच्या आत असावा लागतो. तिचा एकोणसाठ आला. अंकात लिहितो, ५९, म्हणजे वाचताना चूक होणार नाही. त्या चाळीस मुलांत एवढा कुणाचाच नव्हता.

बुधवारी दोघी घरी आल्या. डॉक्टरीणबाईंनी कोरा अर्ज काढला आणि एकेक प्रश्न मोठ्यानं विचारायला लागल्या. शेवटच्या प्रश्नाला मी बोलायच्या आत आईच म्हणाली, "शेडमधलं असं काही नाही हो. हे एक तिचं दुकान तेवढं."

दुकान म्हणजे बॅटरीचं रिकामं खोकं. काळं, आत सहा खण. दीड वर्षापूर्वी मी ते तिला खेळायला आणलं. एका खणात शेंगदाणे, एकात वाटाणे, एकात बिस्किटांचे तुकडे. आम्हाला विकायची आणि उरलेला माल स्वतः फस्त करायची. मी ते सोड्यानं तीनदा धुतलं होतं. कडा हाताला लागू नयेत म्हणून पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केल्या होत्या. दारात बसून घासल्या, तिला मांडीवर घेऊन.

मावशी खोक्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अर्जावर काय लिहिलंस?"

"नाही, असं लिहिलं."

"विसरलास?"

मी काही विसरत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी मला तेवढी वाट करून दिली होती. मी म्हणालो, विसरलो नाही.

"अरे," त्या म्हणाल्या, "एकशे अकरा घरांना तू खरं बोलायला लावलंस."

मी तसं का लिहिलं ते तुला सांगायला हवं. शेडमधून काही बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, काम गेलं असतं. पण हे अर्धंच कारण. मला वाटलं, हे प्रश्न घाणेरड्या लोकांसाठी आहेत. मी तसा नाही. मी शर्ट रोज दारात नीट झटकतो, घडी घालतो, मगच आत ठेवतो, म्हणून कपड्यांच्या प्रश्नालाही 'नाही'च लिहिलं. हे मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "झटकण्यानंच तर ती धूळ घरात येते."

एवढ्यावर थांबता येत नाही. आपल्या भिंतीला लागून सुतारदादांचं घर आहे. आपल्या घरावर लाल ठिपका असता तर त्यांच्या धाकटीचं रक्त पहिल्याच फेरीत तपासलं गेलं असतं. ते आता, चार महिन्यांनी तपासलं. एक्कावन्न. मी सांगायला त्यांच्या दारात गेलो. त्यांनी रंधा थांबवला, सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा रंधा चालवायला लागले. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

काल गल्लीतल्या बायका येऊन आपलं घर ओल्या फडक्यांनी पुसून गेल्या. झाडू मारायचा नाही, त्यानं धूळ उडते. सुतारदादांची बायकोही आली होती. तिनं आपल्याकडची मोरी घासली. मी बादल्या भरून देत होतो, ती माझ्या हातातून न घेता खाली ठेवलेली उचलत होती.

उद्या सकाळी भिंगरीला आणि सुतारदादांच्या धाकटीला मोठ्या इस्पितळात दाखल करतोय. तीन आठवडे औषध चालेल. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग ती पुन्हा वीसपर्यंत मोजेल ना. "रक्तातलं उतरेल," त्या म्हणाल्या. तिला या घरात पुन्हा आणायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे. मावशी वरची खोली देतायत, पण ते तू ठरवायचं.

सोबत एक कागद आहे. भिंगरीचा रिपोर्ट सुनावणीत वाचायचा तर तिच्या आईची, म्हणजे तुझी सही लागते, मामाची चालत नाही. मी उभा राहून माझा अर्ज खोटा आहे हे सांगणार आहे. शुक्रवारी मुकादमाला तसं सांगून आलो, त्यामुळे उद्यापासून मला काम नाही. पण मी नुसता खोटारडा ठरलो तर त्या वकिलाचं फावेल. यानं स्वतःचा अर्ज असा लिहिला, मग बाकीचे एकशे अकरा कसे असतील, असं तो म्हणेल आणि सगळ्या गल्लीची मेहनत माझ्यापायी बुडेल. तिचा रिपोर्ट शेजारी असेल तर मी खोटं कशावर लिहिलं ते, आणि शिसं खरंच घरात आलं तेही दिसेल. उलट, रिपोर्ट वाचला तर चारचौघांत तिचं नाव निघेल, आणि ती मोठी झाल्यावरही लोक तिला त्यावरूनच ओळखतील. मी तुला गळ घालत नाही. माझ्या सांगण्यावरून आता तू काही करू नयेस.

आलीस तर घरी न येता सरळ इस्पितळात ये. दुसरा मजला, लहान मुलांचा वॉर्ड. आई तिच्यापाशी असेल. मी खाली जिन्याजवळ थांबेन आणि तू बोलावलंस तरच वर येईन. बोलावलंच पाहिजेस असं नाही.

ती तुला पाहून लगेच उठली नाही तर रुसलीय असं समजू नकोस. तिला हल्ली माणूस ओळखायला वेळ लागतो. तिला काही विचारू नकोस, गाणं म्हण, आकडे म्हण असं तर मुळीच नको, तिला येत नाही आणि ते तिला कळतं. नुसती जवळ बसून बोलत राहा. आवाज तिला लवकर कळतो.

ज्याच्या भरवशावर तू तिला ठेवून गेलीस, तो
तुझा धाकटा