नाव टाकलेला गुंड

पिपरी मेघे, वर्धा

पुलगावचे आमचे इवाई, आमच्या रुपाचे सासरे जंगलूजी मून यांना लहानू थूल याचा मानाचा जयभीम. इहीणबाईंनाही जयभीम सांगावा. आपली साखर आता कशी आहे? गुडघा वळतो का? आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझं बीपी तेवढं वर-खाली होत असतं, पण त्याचं कारण चुकलेली गोळी नसून गुंड आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. (फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन इहीणबाई उचलतात.)

तुमच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला मी पाणी भरायचा मोठा स्टीलचा गुंड आहेर म्हणून दिला होता. तो गेल्या आठवड्यात परत आला. आमची रुपा माहेरपणाला आली, तिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोतं. पोत्यात गुंड. “आईंनी पाठवला,” म्हणाली. “म्हणाल्या, तुह्या बापाले दाखव, त्याहिचं नाव कसं गंजून राह्यलं ते.” पोर हसत सांगत होती, पण डोळे हसत नव्हते. जंगलूजी, आहेर कमी पडला तर बोलणं ऐकून घेता येतं. आहेर परतच आला तर माणसानं काय समजावं? माझी मुलगी त्या घरात नांदते. ती पाणी भरणार, बायका बाजूला बसणार आणि तिच्या बापाचं नाव लाल अक्षरात वाचणार!

आता यात माझी चूक किती ते तुम्हीच ठरवा. आमच्या वस्तीत भोंगा लावलेला ऑटो फिरत होता. महालाभ स्टील, अर्ध्या किमतीत शुद्ध स्टील, आज शेवटचा दिवस. (तो शेवटचा दिवस अजून चालू आहे. आज सकाळीच भोंगा येऊन गेला.) मी गेलो. प्रत्येक भांड्यावर एक मोठी किंमत लाल रेघेनं खोडलेली आणि खाली छोटी किंमत. मी खोडलेली किंमत पाहूनच खूश झालो. जी किंमत कोणी कधी दिली नाही, ती आपली वाचली याचा आनंद! बाजूच्या दुकानात तसाच गुंड याहून स्वस्त होता हे मला नंतर कळलं. चिठ्ठीवर ‘शुद्ध स्टील’ इतकं मोठं होतं की माझ्यासारख्या चौथी शिकलेल्यालाही रस्त्यावरून वाचता यावं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘सारखी चमक’ असं होतं. ते रुपानं आता वाचून दाखवलं.

वरून नाव टाकणं फुकट. फुकट म्हटल्यावर मी नुसत्या नावावर थांबलो नाही. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पिपरी मेघे, तालुका-जिल्हा वर्धा, यांजकडून सप्रेम. मशीनवाला म्हणाला, “आजोबा, आता गुंडावर जागा नाई राह्यली.” आमच्या सौभाग्यवती अन्नपूर्णाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की आहेर देऊन राह्यले की पाटी लावून राह्यले? आता समजलं, मशीननं वरची चमक जिथं खरवडली तिथंच आधी गंज धरतो. बाकी गुंड अजून बरा आहे. गंजला तो फक्त मी, तालुक्या-जिल्ह्यासकट.

दुकानात गेलो. मालक दुर्गेश म्हणून जवान माणूस आहे.

“आजोबा, नाव टाकलेला माल वापस होत नाई.”

“नाव कोनं टाकलं?”

“आमच्याच मशीननं.”

“मंग?”

“मंग काय? नाव तर तुमचं हाय ना.”

घरी आलो, गोळी घेतली, पडून राहिलो. पण डोक्यातून ते जाईना. नाव माझं आहे म्हणून तोटा माझा, तर त्याचंही नाव असू द्या की! दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारातल्या मशीनवाल्याकडून, पैसे देऊन, माझ्या नावाखाली कोरून घेतलं : ‘हा गुंड शुद्ध स्टील म्हणून देणार महालाभ स्टील, मालक दुर्गेश.’ त्यानं मुद्दाम खोल कोरलं, लवकर गंजावं म्हणून. मग चहावाल्याचा स्टूल मागून मी महालाभच्या समोर रस्त्यापलीकडे गुंड मांडीवर घेऊन बसलो. तोंडातून एक शब्द काढला नाही. (पोलीस येतील या भीतीनं खिशात आधार कार्ड ठेवलं होतं, हे फक्त तुम्हाला सांगतो.) लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या बायका थांबायच्या, वाचायच्या, गंजावर बोट फिरवायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या.

दुर्गेशनं आधी चहा पाठवला. मग चमच्यांचा सेट. मग स्वतः आला आणि म्हणाला, त्याच रांगेतला दुसरा गुंड उचला, पण उठा. मी म्हणालो, “तुह्या घरी ज्या गुंडातलं पानी पितोस, तसा दे.” पोरगा मागच्या गल्लीत गेला आणि नवा गुंड घेऊन आला. त्यावर दुसऱ्या दुकानाची चिठ्ठी होती! जुना त्यानं मागितला, तेव्हा मी म्हणालो, “नाव टाकलेला माल आमीबी वापस करत नाई.” चहावाल्यानं टाळी दिली.

नवा गुंड मी चुंबक लावून पाहिला, मीठ-पाणी भरून ठेवला, उन्हात ठेवला. डाग नाही. तेव्हा इवाईबुवा, लहानू थूल फसतो, पण बसून राहत नाही, एवढं आपल्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं.

आपला,
लहानू थूल

ता. क. नव्या गुंडावर नाव टाकलेलं नाही. अन्नपूर्णाबाईंनी तो मला बाजारात नेऊच दिला नाही.

ता. क. रुपा आज सकाळच्या गाडीनं पुलगावला निघाली. गुंड ने म्हटलं, तर म्हणाली, “बाबा, मी आणला तेवढा बस झाला. ज्याहिनं पाठवला त्याहिनं न्यावा.” म्हणून विनंती, येत्या रविवारी दोघंही जेवायला या आणि गुंड घेऊन जा. सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. शेजारच्या शोभाबाईंनी पोतं पाहिलं होतं, मी त्यांना कांदे आहेत म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला नाही.

ता. क. इहीणबाई, पत्र आधी तुम्हीच उघडलं असेल. रागावू नका, इवाईंना वाचून दाखवा. वांग्याची भाजी तुम्हाला आवडते तशी तिखट होईल. येताना फक्त पोतं आणू नका.