काळ्या मानेच्या कोंबड्या कोणाच्या हाती

मी, ओटिली श्वेंडेमान, माहेरची फीजर, जन्म ३ मार्च १९४३, राहणार आल्टरीड, ऱ्हाइनकाठ, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटात जे वाढते आहे त्याचे नाव डॉक्टरांनी मला सांगितले आहे, आणि पाने गळेपर्यंतची मुदतही. त्यामुळे घाई आहे, गोंधळ नाही. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी एकशे बारा पिल्ले एकेक करून हातात घेतली आणि एकही दोनदा उचलले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही; घालू पाहणाऱ्याचा उल्लेख लगेच पुढे येतो. यापूर्वी या विषयावर मी जे काही लिहिले किंवा रागाच्या भरात बोलले असेन, ते सर्व रद्द समजावे.

एक. राहते घर, तळघर, त्यातले सामान आणि माझ्या दिवंगत नवऱ्याची, अल्बानची, चेरीची दारू गाळायची तांब्याची भट्टी माझा मुलगा कोनराड याला द्यावी. बँकेतली शिल्लकही त्याचीच. कायद्याने मुलाला जेवढे द्यावेच लागते, त्याहून हे बरेच जास्त आहे, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे. घरामागची फळबाग मात्र त्याला नाही.

ईस्टरला तो आला होता. जेवण झाल्यावर खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आई, बागेत चार घरं सहज उभी राहतील."

"तिथे कोंबड्या उभ्या आहेत."

"अगं, कोंबडी दुकानात मिळते."

"मिळते. तिला कोंबडी म्हणतात, एवढंच."

तो हसला, मीही हसले, आणि त्याने रश्शाची दुसरी वाटी मागून घेतली. कोनराड वाईट नाही. दर रविवारी फोन करतो. पण त्याच्या हाताला ते कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दोन. फळबाग, तिच्यातली तिन्ही खुराडी आणि काळ्या मानेच्या रीडर जातीच्या कोंबड्यांचा संपूर्ण कळप कोणाला, हे सांगण्याआधी तो कळप कुठून आला ते लिहिणे मला भाग आहे. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते ठाऊक असावे.

१९६६ साली मी लग्न होऊन या घरात आले. घरात अल्बानची आत्या होती, वाल्बुर्गा. सारे गाव तिला बुर्गाआत्या म्हणे. नवव्या वर्षी गोवराने तिचे डोळे गेले होते. कोंबड्या तिच्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिने मला खुराड्यात नेले, एक पिल्लू माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "डोळे मीट."

"का?"

"डोळे पिसांना भुलतात. मीट म्हटलं ना."

मी मिटले. तिने माझी बोटे धरून पिल्लाच्या छातीच्या हाडावरून फिरवली, मग पंखांमागून सगळ्या अंगाला घेर घातला, मग खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठ. एक पिल्लू खाली ठेवून दुसरे दिले. पहिल्याचे हाड सुरीच्या पात्यासारखे लागत होते. दुसऱ्याचे बोटांना नीट सापडतच नव्हते, दोन्ही बाजूंनी मांस भरून आले होते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कोंबडीखाली फुटलेली. दिसायला तंतोतंत सारखी. मी डोळे उघडले आणि पाहतच राहिले. त्या दिवसापर्यंत मी कोंबडी फक्त पाहिली होती.

आठव्या आठवड्याला हात लावायचा, सोळाव्याला वजन करायचे, शंभरातली दहा ठेवायची, उरलेली ताटात. जी ठेवायची त्यांच्या आयांनी वर्षभर भरपूर अंडी दिलेली असली पाहिजेत, नाहीतर मांस वाढते आणि अंडी आटतात. एवढीच ती विद्या. पण तिला घाई चालत नाही. वर्षाला एकच पाऊल. मी आले तेव्हाच्या नरांपेक्षा आजचे नर सोळाव्या आठवड्याला जवळजवळ एक किलोने जास्त भरतात, आणि माद्यांची अंडी कमी झालेली नाहीत. हे मी केले असे मी म्हणणार नाही. मी फक्त निवडले. मूठभर गहू, गवत, गांडुळे आत जातात आणि त्यातून एकीकडे अंडे, दुसरीकडे मांस कसे होते, हे अठ्ठावन्न वर्षांत मला कळलेले नाही.

अल्बान तेव्हा गावाबाहेरच्या मोठ्या उबवणी केंद्रात कामाला होता. तिथे अंड्यांच्या जातीची पिल्ले निघत. माद्या खोक्यात जात. नर कशाच्याच उपयोगाचे नाहीत म्हणून त्याच दिवशी मारत. १९६९ च्या वसंतात तो एकदा भर दुपारी घरी आला, डब्याच्या पिशवीतून सात पिवळी पिल्ले काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी उद्यापासून जाणार नाही." आत्या म्हणाली, "बरं झालं. बागेचं कुंपण मोडलंय." यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. आमच्या कोंबड्यांत नरही वाढतो आणि मादीही, हे मी पुढे कधी विसरले नाही.

तीन. आता फ्रिडोलिन फॉग्टबद्दल. तो २००३ साली वारला, मागे कोणी नाही, त्यामुळे त्याच्यासाठी काही ठेवता येत नाही. तरीही त्याचे नाव या कागदात असले पाहिजे.

फ्रिडोलिन आमच्या पक्षी मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच्याकडेही रीडर कोंबड्याच होत्या, पण दुधासारख्या पांढऱ्या, मानेवरची काळी रेघ पट्टीने ओढल्यासारखी. १९७१ च्या प्रदर्शनात मी आमचा नर पहिल्यांदा नेला. आत्याने हाताने निवडलेला. तिला पिसे कुठून दिसणार? पंखांवर तांबूस डाग होते. फ्रिडोलिन पिंजऱ्यासमोर थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओटिली, हा कोंबडा आहे की कार्निव्हलचं सोंग?"

लोक हसले. मी म्हणाले, "तुझे कोंबडे कापून बघ एकदा. आत पिसंच निघतील."

त्यानंतर अठरा वर्षे आम्ही बोललो नाही. चर्चमध्येसुद्धा तो डावीकडे, मी उजवीकडे.

फेब्रुवारी १९८९. सकाळी खुराड्याचे दार उघडले तर आतून आवाज नाही. एक फळी कुजली होती, तिथून मार्टेन शिरला होता. मुंगसाएवढे ते जनावर; खाल्ले एक आणि मारले एकेचाळीस. मी त्यांच्यामध्ये किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. अल्बान एकेक उचलून पोत्यात भरत होता आणि प्रत्येकीची छाती बोटांनी चाचपत होता. सवयीने. ते पाहून मला रडू फुटले.

आत्या तेव्हा त्र्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. तिला सांगितले. तिने विचारले, "कोठीतल्या थाळीत अंडी किती आहेत?"

"तेवीस. पण आत्या, त्यातली काही बारा दिवसांची आहेत. थंडीतली."

"म्हणजे तेवीस कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी कोणाकडे आहे?"

"फेब्रुवारीत कोण बसणार?"

"मग उबवायचं यंत्र. यंत्र कोणाकडे आहे?"

गावात यंत्र एकाच माणसाकडे होते.

"ओटिली," आत्या म्हणाली, "तुझा मान तुझ्याजवळ ठेव, खिशात घाल, वाटलं तर उशाखाली ठेव. पण अंडी घेऊन जा."

लोकरीच्या शालीत अंडी गुंडाळून मी गेले. फ्रिडोलिनने दार उघडले, आधी माझ्याकडे पाहिले, मग शालीकडे. मी तयार केलेले वाक्य विसरले. एवढेच म्हणाले, "मार्टेन. सगळ्या."

"एकही नाही उरली?"

"ही तेवीस."

तो आत वळला. मी मागोमाग गेले. यंत्र भरलेले होते. त्याच्या प्रदर्शनाच्या कोंबड्यांची अंडी, पाचवा दिवस. पाचव्या दिवशी अंडे दिव्यासमोर धरले तर आत लाल कोळ्यासारखे काहीतरी दिसते आणि त्याच्या मधोमध एक ठिपका उघडझाप करतो. ते हृदय. हे त्याला माझ्याइतकेच माहीत होते. त्याने एक पूर्ण कप्पा बाहेर काढला, खिडकीत ठेवला आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवले.

"फ्रिडोलिन, ती तुझी..."

"बोलू नकोस. अंडी दे."

विसाव्या दिवशी अल्बानने आत्याला हातगाडीत बसवून, रजयांत गुंडाळून त्याच्याकडे नेले. तिनेच हट्ट धरला होता. फ्रिडोलिनने एकेक अंडे तिच्या कानाशी धरले. बाहेरून कवच अखंड, एक तडासुद्धा नाही. आत्या ऐकायची आणि म्हणायची, "हे नाही. हे नाही. हे... थांब." मग तिने ते माझ्या कानाला लावले. आतून पिल्लू बोलत होते. अगदी बारीक, पण स्पष्ट. आणि यंत्रातून दुसरे त्याला उत्तर देत होते. ज्यांनी अजून उजेड पाहिला नव्हता, ती दोन भिंतींपलीकडून एकमेकांशी बोलत होती. फ्रिडोलिनने त्या यंत्रात हजारो पिल्ले काढली असतील, पण अंडे कानाला कधी लावले नव्हते. त्याने ऐकले आणि तो खाली स्टुलावर बसला.

नऊ निघाली. नवांवर कळप उभा राहत नाही, आपसातच वीण होऊन रक्त आटते. म्हणून त्याने स्वतःच्या चार माद्या दिल्या. आज बागेत जो कळप आहे, तो अर्धा त्याचा आहे. आत्या त्याच वर्षी मे महिन्यात गेली, पण नवांवर आठव्या आठवड्याचा हात तिने फिरवला होता.

फ्रिडोलिनने पुढची चौदा वर्षे, "श्वेंडेमानांच्या कोंबड्या मी वाचवल्या," असे प्रत्येक लग्नात सांगितले. ते मला आवडत नसे. ते खरे होते. १९७१ बद्दल त्याने माफी मागितली नाही, आणि मीही कोंबडे कापून बघण्याबद्दलचे माझे वाक्य मागे घेतलेले नाही. तेही खरे होते. त्याच्या थडग्यावर दरवर्षी नोव्हेंबरात फुले ठेवायची मी सोडलेली नाहीत. फळबाग घेणाऱ्यावर हे एक बंधन आहे. फुले पांढरी असावीत. त्याला डाग चालत नसत.

चार. फळबाग, खुराडी आणि कळप सेल्मा अक्सॉय हिला द्यावा. सेल्मा गेली बारा वर्षे आमच्या गल्लीत टपाल आणते. पहिल्या वर्षी ती कुंपणाशी थांबून म्हणाली होती, "ओटिलीकाकू, आमच्या आजीच्या कोंबड्या अशाच चालायच्या, पाय फाकवून. जड असायच्या."

"जड आहेत हे तुला इथून कळलं?"

"चालीवरून. हातात देता का एक?"

मी दिली. तिने डोळे मिटले. कोणी सांगितले नव्हते.

आज बारा वर्षे आठव्या आठवड्याला आम्ही दोघी निवडतो, वेगवेगळ्या, आणि मग ताडून पाहतो. गेली तीन वर्षे जिथे आमचे जुळत नाही, तिथे सोळाव्या आठवड्याचा काटा तिच्या बाजूने बोलतो. हे लिहिताना थोडे झोंबते. पण लिहिले.

अटी अशा: कळप विकून टाकू नये, पण उबवणीची अंडी मागेल त्याला द्यावीत, म्हणजे सगळा जीव एकाच फळीवर अवलंबून राहणार नाही. कापताना स्वतः कापावे, सुरीला आदल्या दिवशी धार लावून ठेवावी, आणि त्या वेळी गप्पा मारू नयेत. वजनकाटा, पायातल्या कड्या आणि आत्याचे बसायचे स्टूल कळपाबरोबर जाईल. कोनराडला दर नाताळला दोन कोंबडे पाठवावेत, साफ करून. तो खातो चांगले.

पाच. माझ्या दफनानंतर लोकांना रस्सा आणि शेवया घालाव्यात. दुकानातली कोंबडी आणली तर मला कळेल.

सहा. हे कलम मी सकाळी लिहिणार नव्हते.

आज आठवा आठवडा होता. सेल्मा टपाल वाटून यायची होती, म्हणून मी एकटीच सुरू झाले. कडी क्रमांक अडतीस, नर. हात लावला आणि थांबले. बोटे हाडावर गेलीच नाहीत. पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत फळीसारखी रुंद, अंगाचा घेर माझ्या दोन्ही तळव्यांत मावेना, आणि त्याचे काळीज माझ्या बोटाखाली शांत चाललेले. सहाएक हजार पिल्ले माझ्या हातांतून गेली असतील. असे एकही नव्हते. मी त्याला पुन्हा चाचपले नाही. आहे तसे त्याला मांडीवर घेऊन गवतात बसून राहिले. कुठून आला हा? कोणत्या आईकडून, आत्याच्या नवांपैकी कोणाकडून, की फ्रिडोलिनच्या त्या चार नटव्यांपैकी एखादीकडून? मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही.

त्याची पोरे मी पाहणार नाही. पुढच्या वसंतात ती फुटतील. क्रमांक अडतीसला कापू नये.

इथल्या कायद्याप्रमाणे स्वहस्ते लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत. पण हे केवळ माझ्या शब्दावर राहू नये, म्हणून दोघांना बोलावले आहे. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

आल्टरीड, १४ जून २०२४
ओटिली श्वेंडेमान

साक्षीदार पहिली: डॉ. गेरलिंडे मूसमान, जनावरांची डॉक्टर. ओटिलीबाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी हे माझ्यासमोर वाचून दाखवले आणि सही केली.

साक्षीदार दुसरा: एगॉन किंट्स, शेजारी, निवृत्त सुतार. मला कोंबड्यांतले काही कळत नाही, मी लाकडातला माणूस. सही करायच्या आधी त्यांनी मला बागेत नेऊन क्रमांक अडतीस हातात दिला. तो गरम होता, आणि मला वाटले होते त्याहून जड. मी टोपी काढली. का काढली, ते लिहिता येत नाही.